‘बिन’च्या पुढे आईचे नाव

वंशावळ हा शब्द आपल्या वस्त्यांमध्ये बहुधा एकाच वेळी ऐकू येतो. पोरगी बारावी पास होते, इंजिनिअरिंगला किंवा नर्सिंगला नंबर लागतो आणि जात वैधता प्रमाणपत्राची मागणी येते. मग घरातली कागदांची पिशवी निघते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही कळीची तारीख. त्याआधीचा पुरावा दाखवायचा. ज्यांच्या बापजाद्यांना शाळेच्या ओट्याखाली बसवले, त्यांनी त्याच बापजाद्यांचा शाळेचा दाखला आणायचा. या थट्टेवर पुष्कळ लिहून झाले आहे, आम्ही ते पुन्हा लिहीत नाही. आम्हाला जे सापडले ते निराळे आहे आणि त्यावर आपल्या लोकांत कुणी उघड बोलत नाही.

पुतणीच्या प्रकरणासाठी आजोबांच्या शाळेत गेलो, तर त्या वर्षांचे जनरल रजिस्टर वाळवीने खाल्लेले. म्हणून आम्ही चुलत भावंडे तालुक्याच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाच्या मागे लागलो. कोतवाल बुक म्हणजे गावची जन्ममृत्यूची नोंदवही, गाव नमुना चौदा. २०२३ मध्ये कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली तेव्हा हा शब्द सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी आला आणि मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना एकदम भाव आला. आपली पोरे त्या वह्यांपुढे त्याच्या कितीतरी आधीपासून उभी आहेत, ते असो. या वहीत जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचे नावच नसते. बापाचे नाव, जात, आणि पुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. नऊ महिने पोटात वागवणारीचा पत्ता नसतो.

जुन्या मराठी दप्तरात माणूस दोन शब्दांनी बांधलेला असतो. पुरुष असेल तर ‘बिन’. अमका बिन तमका, म्हणजे तमक्याचा मुलगा. बाई असेल तर ‘कोम’. अमकी कोम तमका, म्हणजे तमक्याची बायको. विदर्भ-मराठवाड्यात ‘बिन’च्या जागी ‘वल्द’ येते, बाकी मांडणी तीच. समाजशास्त्राच्या एम.ए.ला ब्राह्मणी पितृसत्तेवर आम्ही पानेच्या पाने लिहिली. तो सगळा सिद्धांत या दोन शब्दांत मावतो हे त्या वहीपुढे बसल्यावर कळले.

मोडी वाचून देणारे गृहस्थ आजोबांच्या जन्माच्या नोंदीपाशी थांबले. पणजोबांचे नाव होते, पुढे ‘बिन’ होते, आणि त्यापुढे बाईचे नाव. ते म्हणाले, “कारकुनाची चूक दिसते. बिनच्या पुढे बाई येत नाही.” तीन वर्षे पुढच्या पानावर आजोबांच्या बहिणीची नोंद निघाली. तिथेही तेच. मग मृत्यूच्या नोंदी चाळल्या, तर ती बाईच समोर आली. नावापुढे ‘कोम’ नाही. नाव, जात महार, वय, ‘ताप’, आणि एक शब्द: मुरळी.

तिचे नाव इथे लिहीत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी अजून तेवढी मोकळीक दिलेली नाही.

मुरळी म्हणजे काय ते जेजुरीच्या आसपासच्या वाचकांना सांगायला नको. खंडोबाला मुलगी वाहायची. देवाशी लग्न लागले की माणसाशी लग्न बंद. शरीर मात्र ज्याच्या हाती गावाची सत्ता त्याला खुले. मूल झाले की त्याला बाप नाही, कारण देव काही कोतवाल बुकात सही करायला येत नाही. वरच्या जातींनी आपल्या बाईला सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांच्या कुलपात कसे ठेवले, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियातल्या निबंधात मांडले. आम्हाला वाटते, मुरळी ही त्याच हिशेबाची दुसरी बाजू आहे. एका घरची बाई कुलपात ठेवायची, तर दुसऱ्या घरची बाई उघड्यावर असावी लागते. आणि कायदासुद्धा याच हिशेबाने चालला. इंग्रजी न्यायालये जो हिंदू कायदा लावत, त्यात शूद्राच्या दासीपुत्राला बापाच्या संपत्तीत वाटा मिळे, द्विजाच्या अनौरस मुलाला मात्र फक्त पोटगी. म्हणजे इस्टेट कुणाची वाचवायची हे ठरलेले होते.

या प्रथेविरुद्ध आपल्यातूनच आवाज उठला हेही विसरू नये. शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’मधून मुरळी प्रथेवर झोड उठवली. १९०९ साली शिवूबाई या मुरळीचे पत्र त्यांनी छापले आणि गणपतराव गायकवाड यांनी तिच्याशी लग्न केले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एक बाई आपली कहाणी आपल्या नावानिशी छापायला देते. आज तिच्यासारख्यांची पणतवंडे पदव्या घेऊन ती कहाणी लपवतात.

घरी सांगितले तेव्हा आत्या ताटावरून उठली. “कशाला उकरता रे पोरांनो? मेलेल्या माणसाची लाज काढता?” तिला ठाऊक होते. तिच्या लहानपणी बायका ‘थोरली देवाची होती’ एवढेच बोलत आणि गप्प होत. काका व्यवहारी. म्हणाले, “टाका एक पुरुषाचं नाव. इतक्या जुन्या काळचं कोण तपासतंय?” शपथपत्रात खोटे लिहिणे हा गुन्हा आहे, आणि सोबत जोडलेली नक्कलच आपल्याला खोटे पाडील, हे त्यांना पटायला एक आठवडा गेला. ‘पण आपण बौद्ध आहोत, आता ते सगळं सोडलं ना,’ असेही ते म्हणाले. १६ जून १९३६ रोजी दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी मुरळी, जोगतिणी आणि देवदासींना ते जिणे सोडून द्या असे खडसावून सांगितले, हे खरे. पण एखाद्या जिण्यातून बाहेर पडा म्हणणे निराळे आणि त्या बाईचे नाव वंशावळीतून खोडणे निराळे. पहिले बाबासाहेबांनी सांगितले. दुसरे आपण आपल्या इभ्रतीसाठी शोधून काढले.

एका चुलत्याला मात्र भलताच आनंद झाला. “बाप पाटील असणार बघा. उगाच नाही आपल्या घरात सगळ्यांची नाकं सरळ!” हे ऐकून आम्हाला आत्याच्या रागापेक्षा जास्त वाईट वाटले. जिने वाढवले तिची लाज वाटते, आणि ज्याने नाव दिले नाही त्याच्या नाकाचा अभिमान! बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात नाकांच्या मापांचे आकडे तपासून अस्पृश्यतेमागचा वंशभेदाचा सिद्धांत मोडीत काढला. आपण भिंतीवर त्यांचा फोटो लावतो आणि आरशात पाटलाचे नाक शोधतो.

तथागतांनी या रक्ताच्या गप्पांचा निकाल केव्हाच लावला आहे. अस्सलायन सुत्तात ते असित देवल ऋषीची गोष्ट सांगतात. जन्माने श्रेष्ठ म्हणवणाऱ्या सात ब्राह्मणांना तो विचारतो, तुमची आई फक्त ब्राह्मणाकडेच गेली हे तुम्हाला माहीत आहे का? तिची आई, तिची आई, अशा सात पिढ्या? प्रत्येक वेळी उत्तर येते: माहीत नाही. हे सुत्त आपल्या अभ्यासवर्गांत वाचले जाते, पण नेहमी समोरच्याला गप्प करण्यासाठी. आपल्या घरावर ते कुणी लावून पाहत नाही. आणि जीवक? बुद्धाचा वैद्य. विनयपिटकाप्रमाणे तो राजगृहातल्या सालवती गणिकेचा मुलगा, उकिरड्यावर टाकलेला, राजपुत्र अभयाने उचलून वाढवलेला. त्याच्या हातचे औषध घेताना संघाने त्याच्या बापाचे नाव विचारल्याचे कुठे आढळत नाही.

तरुण कार्यकर्त्यांसाठी व्यवहाराची एक गोष्ट. अशी नोंद निघाली म्हणून घाबरून प्रकरण सोडू नका. २०१२ च्या रमेशभाई नाईका निकालात सर्वोच्च न्यायालयाने आंतरजातीय विवाहातल्या मुलाबाबत म्हटले आहे की, बापाच्या जातीवरून जात आपोआप ठरत नाही. आई अनुसूचित जातीची असेल आणि मूल तिच्याच समाजात, तेच चटके सोसत वाढले असेल, तर ते पुराव्याने दाखवता येते. आमच्या पणजोबांनी महारकी केली, महारवाड्यात राहिले, महार म्हणूनच त्यांची नोंद झाली. यापेक्षा जास्त पुरावा तो कोणता?

वंशावळ टाइप करायला तहसीलबाहेरच्या टेबलावर गेलो. तिथल्या तयार नमुन्यात सर्वांत वर ‘मूळ पुरुष’ असे छापलेले. तिथे बाईचे नाव सांगितले, तर टंकलेखकाने दोनदा विचारले. आम्ही ‘मूळ पुरुष’ खोडायला लावून ‘मूळ व्यक्ती’ लिहून घेतले. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात बापाच्या आधी आईचे नाव लावायचे, असे सरकारने ठरवले आहे. आमच्या गावच्या त्या कारकुनाने, नाइलाजाने का होईना, ते दोन महायुद्धांच्या मधल्या काळातच केले होते.

सुनावणीत एकच प्रश्न आला, “पणजोबांच्या वडिलांचे नाव?” आम्ही नक्कल पुढे केली. अधिकारी बाईंनी ती वाचली, पुन्हा वाचली आणि पुढच्या कागदाकडे वळल्या. दोन महिन्यांनी प्रमाणपत्र आले.

आत्याने वंशावळीची झेरॉक्स मागून घेतली. तिला वाचता येते, पण तिने ती नातीकडून वाचून घेतली, वरपासून खालपर्यंत. मग विचारले, “हिचं माहेर कुठलं होतं, ते लिहिलंय का त्यात?”

लिहिलेले नाही. आम्ही आता शेजारच्या गावांच्या वह्या बघतो आहोत. मोडी वाचणारे गृहस्थ म्हणतात, तिचा जन्म नोंदला असेल तर तिथे फक्त तिच्या बापाचे नाव असेल आणि पुढे ‘मुलगी’.