विहिरीवरची टेप

डिस्टिलरीच्या मागच्या अंगाला स्पेंट वॉशची तळी असत. एक लिटर अल्कोहोल काढले की दहा-पंधरा लिटर हे तांबूस-काळे सांडपाणी तयार होते. ऐंशीच्या दशकात ते सर्रास मातीच्या तळ्यांत सोडून द्यायचे. तळाला कुठे काळी माती चोपलेली, कुठे नुसता मुरूम. तिथून काय झिरपते ते कळायला आजूबाजूच्या विहिरींवाचून दुसरा मार्ग नव्हता, म्हणून कारखान्याच्या प्रयोगशाळेतली आम्ही मंडळी विहिरी मोजत फिरायचो.

साधन म्हणजे पोलादी टेप, टोकाला शिशाचे वजन. खालच्या मीटरभर पट्टीला निळा खडू घासायचा, टेप सोडायची आणि कठड्यावरच्या रंगाच्या खुणेशी पूर्ण मीटरचा आकडा धरायचा. वर ओढली की खडू भिजला तिथवर गडद दिसे. 12 मीटरवर धरली आणि 37 सेंटिमीटर भिजली, तर पाणी 11.63 मीटरवर. पावसाळ्यात भिंतीतले झरे टेपेवर ओघळत आणि खडू सगळाच ओला होई. मग खालून पोकळ असलेले पितळी वजन सोडायचे. ते पाण्याला टेकताच ‘डुबुक’ असा आवाज येई. तो नेमका पकडायला कान तयार व्हावा लागे आणि शेजारचे इंजिन बंद ठेवायला सांगावे लागे.

1972 च्या दुष्काळाच्या साली उभी राहिलेली राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा चार वेळा निरीक्षण विहिरी मोजते. आम्हीही तेच महिने धरायचो. वर्षाचे चार ठिपके पट्टीने जोडले की झाला आलेख. मधल्या दिवसांत पाण्याचे काय झाले, त्याचा पत्ता नसे.

खरी कसोटी लागे ती पाणी कुठे चालले आहे हे काढताना. डंपी लेव्हलने प्रत्येक कठड्याची समुद्रसपाटीपासूनची उंची काढायची, तीतून पाण्याची खोली वजा करायची, तीन-चार विहिरींचे आकडे आलेख कागदावर मांडून समान पातळीच्या रेषा ओढायच्या. पाणी त्या रेषांना काटकोनात, चढाकडून उताराकडे जाते. पण हे झाले गणित. आमच्याकडचा दगड बेसाल्ट: वर मुरूम, खाली कुठे मांजऱ्या, कुठे काळा पाषाण, दोन थरांमध्ये तांबडा गेरू. पाणी भेगा शोधत जाते.

आमच्या नकाशावरचा बाण उत्तरेला, ओढ्याकडे होता. कोऱ्या चहासारखे पाणी आले ते मात्र पूर्वेच्या मळ्यातल्या आबांच्या विहिरीला. आबांना त्याचे नवल वाटले नाही. “विहीर खांदताना पाच परसावर मांजऱ्यात फट लागली होती, तुमच्या तळ्याच्याच अंगाला. तिथनंच तर झरा हाय,” ते म्हणाले. ती फट नकाशावर चढली ती त्यांच्या तोंडून. विहीर नासलेली असतानाही त्या माणसाने आम्हाला कठड्याजवळ बसवून चहा पाजला. त्याची लाज आजही वाटते.

आता स्पेंट वॉश आटवून जाळतात आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार मोठा उपसा करणाऱ्या कारखान्याला पिझोमीटर, म्हणजे फक्त पातळी पाहण्यासाठीचे बोअर, उपशाच्या विहिरीपासून निदान 50 मीटर लांब घ्यावे लागते. त्यात टांगलेला सेन्सर डोक्यावरच्या पाण्याचा दाब मोजतो आणि सिमकार्डावरून आकडा पाठवतो. रात्री पंप चालल्यावर पाणी किती बसले, पहाटे किती सावरले, वळवाची सर मुरायला किती तास लागले, हे सगळे पडद्यावर उमटते. हे सारे आमच्या चार ठिपक्यांमध्ये दडून राहिले होते. या बाबतीत जुन्याचे गोडवे गायला मी तयार नाही.

फक्त सेन्सरला रंग दिसत नाही, वास येत नाही. बोअरच्या तळाला गाळ धरला किंवा वायर सरकली तरी आकडे येतच राहतात आणि आलेख शहाण्यासारखा दिसतो. म्हणून कारखान्यातल्या पोरांना मी हक्काने सांगतो: अधूनमधून बोअरचे झाकण उघडा, हाताने टेप टाका, दोन्ही आकडे ताडून बघा. आणि जाताना बांधावरच्या माणसाशी बोला.

तेव्हा टेप वर आली की विहिरीचा धनी शेजारीच उभा असे. मार्चचा आकडा ऐकून तो उन्हाळी भुईमूग करायचा की नाही ते ठरवी. आज तोच आकडा कारखान्याच्या संगणकात आणि सरकारच्या पोर्टलवर जातो. मळ्यातल्या माणसाला विचारावे कुणाला हेही ठाऊक नसते. दर महिन्याला तो आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहायला कारखान्याला काहीच अवघड नाही.