ईशान्येचा पाऊस

मृगाकडे डोळे लावून बसणारे आम्ही लातूरकर. इरुंगाट्टुकोट्टैस खरा पाऊस ऑक्टोबरात, ईशान्येकडून येतो, हे मनाला लवकर पटेना. तेव्हापासून गच्चीवरील पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठला पाहून आकडा वहीत टिपतो. डिसेंबर २०१५ मध्ये जवळच्या चेंबरमबाक्कम तलावातून सोडलेल्या पाण्याने अड्यारकाठ बुडाला होता. जून २०१९ मध्ये तोच तलाव भेगाळलेला पाहिला. जुलैत जोलारपेट्टैहून चेन्नईस पाण्याची आगगाडी आली. २०१६ साली मिरजेहून लातूरला अशीच गाडी येत होती. त्या दिवसांत आई घरी एकटी होती. घागर उचलवत नाही, हे तिने मला कळविलेही नव्हते. २०१९ मध्ये वहीतील शून्ये दूरध्वनीवर वाचून दाखविली, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “तुला पानी मिळतंय न्हवं?”