धरण उशाला

माझं खरं वजन मला पहिल्यांदा कळलं ते भाताच्या गिरणीत. दवाखान्यातल्या काट्यावर मी नेहमी चप्पल, पर्स आणि एखादी सबब घेऊनच चढत आले होते. त्या दिवशी दोन पोती भात भरडायला दिलं. पोती उतरली, काटा मोकळा झाला, आसपास कुणी नाही असं बघून मी त्या लोखंडी पाटावर उभी राहिले. लाल आकडे धावत सुटले आणि ११२ वर थांबले. कोंड्यानं भुवयांपर्यंत पांढरा झालेला गिरणीवाला नेमका तेव्हाच मागून आला. त्यानं आकडा बघितला, लगेच नजर पोत्यांकडे वळवली आणि म्हणाला, "बाई, ते बारदान धरून आहे."

बारदान म्हणजे पोत्याचं स्वतःचं वजन. मालाचं वजन सांगताना ते वजा करतात. इतक्या मायेनं माझ्या देहाचा हिशेब आजवर कुणी मांडला नव्हता.

मी शहापूरला राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माहेर मुरबाड तालुक्यातलं. मध्ये काळू नदी. उंची १५७ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय पंचेचाळिसाच्या पुढे. मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर साडेबत्तिसाच्या पुढेच वजन कमी करण्यासाठी पोटाच्या शस्त्रक्रियेचा विचार करायचा, असं आपल्याकडचे डॉक्टर बरीच वर्षं धरत आले. माझ्याकडे मधुमेह होता, गुडघे होते आणि रात्रीचं घोरणं होतं. सगळ्या अटी मी उत्तम गुणांनी पूर्ण करत होते. सर्जननी कागदपत्रं चाळली, तारीख दिली आणि म्हणाले, "त्याआधी पाच-सहा किलो उतरवून या."

वजन उतरत नाही म्हणून तर मी इथवर आले होते! जेवायला या, पण येताना जेवून या, अशातली गत. माझा चेहरा बघून त्यांनी कागदावर पोट काढलं. जठराच्या वर डावीकडे यकृताचा एक पदर येतो. माझ्यासारखीच्या यकृतात चरबी साठून ते जड आणि ठिसूळ झालेलं असतं. दुर्बिणीतून ऑपरेशन करताना हा पदर उचलून धरावा लागतो. जड असेल तर नीट उचलला जात नाही, ताणला तर रक्त येतं, मागचं जठर दिसत नाही. दोन आठवडे दिवसाला आठशेच्या आसपास कॅलरी आणि भरपूर प्रथिनं असं खाल्लं की शरीर आधी यकृतातलीच साठवण मोडतं आणि यकृत आक्रसतं. "काट्यावर काय दिसतं ते तुमच्यासाठी. मला आत जागा हवी," ते म्हणाले.

ही भाषा मला कळली. चैत्रात आमच्याकडे राब भाजतात. पावसाचा पत्ता नसताना शेण, पालापाचोळा आणि कवळं पसरून वाफ्याची जमीन जाळून घेतात. रोप टाकायला अजून दोन महिने असतात. पण राब भाजला नाही तर नंतर रोपापेक्षा तण जास्त. माझाही राब चैत्रातच सुरू झाला.

सकाळी प्रथिनांची पावडर घातलेलं दूध, अकराला ताक, दुपारी मुगाचं गाळलेलं कढण, चारला पुन्हा पावडर, रात्री भाज्यांचं सूप. मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी कमी केल्या. इतक्या थोड्या अन्नावर जुना डोस घेतला तर साखर धाडकन खाली येते. तिसऱ्या दिवशी डोकं इतकं दुखलं की फळ्यावरचे अंक हलायला लागले. तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येऊ लागला. तो चरबी जळण्याचा वास म्हणे. आणि भूक! शाळेच्या खिचडीचं झाकण उघडलं की मी खिडकीपाशी जाऊन माहुलीकडे बघत राहायची. १६३६ साली शहाजीराजांना याच गडावर वेढा पडला होता. वेढ्यात गडाच्या तटापेक्षा गडावरचं धान्य जास्त महत्त्वाचं, हे इतिहासात मी मुलांना शिकवते. पण वेढा घालणारीही मीच आणि आत अडकलेलीही मीच, असा धडा पुस्तकात नाही.

चौथ्या रात्री झोप येईना म्हणून हिशेब मांडला. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. माझ्या अंगावर चाळीसेक किलो तरी जादा असेल. म्हणजे तीन लाखांवर कॅलरी. एवढा साठा बाळगणारी बाई एका भाकरीसाठी रडकुंडीला येते, हे गणित चुकतं कुठे?

उत्तर दुसऱ्या दिवशी रस्त्यावर दिसलं. आमच्या शहापूर तालुक्यात तानसा आहे, १८९२ सालचं. भातसा आहे, मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी त्या एकट्याचं. वैतरणेवरची धरणं आहेत. मुरबाडच्या अंगाला बारवी, तिचं पाणी कारखान्यांना आणि खालच्या शहरांना. आणि चैत्र लागला की कसाऱ्याकडच्या वाड्या-पाड्यांवर टँकर सुरू होतात. त्या दिवशी एक टँकर वाटेतल्या विहिरीत पाइप सोडून उभा होता आणि काठावर हंड्यांची रांग. धरण उशाला, कोरड घशाला. पाणी कमी नाही. पाण्याची वाट मात्र दुसरीकडे काढलेली.

माझ्या अंगातही हेच चाललं होतं. दिवसातून पाच वेळा भात, चहा, बिस्कीट चालू असलं की रक्तात इन्सुलिन चढलेलं राहतं, आणि इन्सुलिनचा हुकूम एकच: साठवा. साठ्याचा दरवाजा उघडत नाही. मेंदूला साठा दिसत नाही, रिकामा हंडा तेवढा दिसतो. जठर वरून घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक पाठवतं. जपानी संशोधकांनी ते १९९९ साली शोधलं. ऑपरेशनात जठराचा जो भाग कापून काढतात, नेमका त्याच भागात ते सर्वात जास्त तयार होतं. म्हणजे सर्जन जागा तर कमी करणारच होते, पण टँकर मागणारा आवाजही हळू करणार होते.

पहिल्या आठवड्यात साडेचार किलो उतरले. मला वाटलं, मीच चमत्कार केला. आहारतज्ज्ञ बाईंनी शांतपणे हवा काढली: यातलं बरंचसं पाणी. शरीर तातडीसाठी जी साखर यकृतात आणि स्नायूंत ठेवतं, तिच्या एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. साखर संपली की ते सुटतं. धरणातून आधी पाणीच सोडायचं, हे शहापूरकरणीला वेगळं सांगायला नको होतं.

दुसऱ्या आठवड्यात डोकं दुखायचं थांबलं आणि एक विचित्र गोष्ट घडली. भूक लागायची, पण ती आपली आपण यायची आणि अर्ध्या तासानं आपली आपण निघूनही जायची. मी तिला आजवर कधी जाऊच दिलं नव्हतं. ती दारात दिसायच्या आधीच मी तिच्यापुढे ताट मांडत आले. मी भुकेला नाही, भुकेच्या भयाला जेवू घालत होते. आणि ते भय माझं एकटीचं नव्हतं. आमच्या लहानपणी आषाढात कणगी तळाला जायची. लावणीचे दिवस, अंगमेहनत सगळ्यात जास्त आणि घरात दाणे सगळ्यात कमी. वडील सावकाराकडून खावटी आणायचे. अशा घरात अंगावरचं मांस म्हणजे चोराला न सापडणारी ठेव.

म्हणून तर आपली भाषा जाडीच्या बाजूनं बोलते. मूल बाळसं धरतं. मुलगी अंगानं भरते. घर खातंपितं असतं. माणसाचं गावात वजन असतं आणि वजनदार खातं मिळालेल्या मंत्र्याच्या मिरवणुका निघतात. उलट रोडावणं, खंगणं, सुकणं, हाडं वर येणं, सगळे शब्द रडवे. दहाव्या दिवशी भाचीच्या हळदीला गेले. मांडवात ताशा, मागे चुलाणावर मटण. आत्यानं माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "काय गं बाय, घरात काय दुखणं आहे का?" मी हातातला ताकाचा ग्लास दाखवला. तिला तो पुरावा वाटला. मग एकीनं हळूच अशाच ऑपरेशनसाठी आलेल्या इजिप्तच्या बाईंचा विषय काढला.

इमान अहमद सगळ्यांनाच आठवत होत्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांना मालवाहू विमानानं मुंबईत आणलं होतं. लगेच टेबलावर घेतलं नाही. आधी द्रव आहार आणि व्यायाम यांवर आठवडे गेले, पुष्कळ वजन उतरवलं, मग ७ मार्चला शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबू धाबीत त्या वारल्या. त्यांचे आजार अनेक होते, आणि माझी त्यांची तुलना नाही, हे मी मांडवात समजावून सांगितलं. ऑपरेशन करून महिन्यात कामावर रुजू होणाऱ्या बायांवर कुणी बातमी करत नाही, हेही सांगितलं. पण रात्री परतताना एसटीच्या खिडकीपाशी मला त्यांचे ते मुंबईतले सुरुवातीचे दिवस आठवत राहिले. सगळं जग आकडा मोजत असताना त्या बाईला ताकाच्या घोटासारखं काही हवंसं वाटलं असेल का?

शाळेच्या आवारातच अंगणवाडी आहे. बाराव्या दिवशी तिथे वजनाचा दिवस होता. तुळईला टांगलेला काटा, त्याला झोळी, झोळीत आपला दोष काय हे न कळल्यासारखं बघणारं पोर. सेविका ताई आकडा वाचायची, वहीत लिहायची, आणि एका मुलीपाशी थांबून हसली. "दोनशे ग्रॅम वाढलं!" पोरीची आई काट्याकडे बघत राहिली. त्या दिवसापर्यंत मी सहा किलो घालवले होते. दोन्ही गोष्टी एकाच आवारात घडल्या, एवढंच. त्यातून सुविचार काढायचा मोह मी आवरला.

तरी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती या दोन काट्यांना जोडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं आणि इंग्लंडमधली बाळं यांची तुलना केली होती. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची साडेतीन. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोट लहान. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं राखलेली. म्हणजे अर्धपोटी आईच्या उदरातच बाळ साठवायला शिकतं. झोळीतली ती पोर आणि पाटावरची मी, आमचा वर्ग एकच. मी फक्त पुढच्या इयत्तेत होते.

आपल्या जुन्या वैद्यांनाही हा पेच ठाऊक होता. चरकसंहितेत निंद्य देहांची यादी आहे, तिच्यात अतिस्थूल आणि अतिकृश शेजारी शेजारी बसतात. आणि चरकाचं म्हणणं असं की दोघांत कृश बरा. स्थूलाला बरं करणं अवघड. स्थूलासाठी सांगितलेल्या धान्यांत मूग आहेत, कुळीथ आहे. हे वाचून मला हसू आलं. माळावरचा कुळीथ हे आमच्याकडे गरिबाचं जेवण. पाहुणा आला की आई ते पातेलं मागे सरकवायची.

चौदाव्या दिवशी पुन्हा गिरणीत गेले. या वेळी पोती नव्हती. पाट पुसून गिरणीवाला दोन पावलं मागे सरला, नजर मात्र काट्यावरच. १०५.४. "बारदान उतरलं," तो म्हणाला. मग जरा विचारात पडून, "दाणा नाही ना उतरला, बाई?" त्याला मी स्नायू आणि प्रथिनं यांबद्दल काय सांगणार! पण आहारतज्ज्ञ बाईंची सगळी पावडर याच एका प्रश्नासाठी होती.

निघायच्या आदल्या दिवशी मुरबाडला आईकडे गेले. तिला ऑपरेशन पटलेलं नव्हतंच. "देवानं दिलेलं पोट कापायचं?" मी समजावलं: जठराचा पाऊण भाग काढतात, उरते ती केळ्याएवढी नळी. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. जेवण थोडं थोडं, चावून चावून.

"थोडं म्हणजे किती?"

"शंभर-दीडशे मिलिलिटर."

मिलिलिटर तिला कळेना. मी हाताच्या ओंजळीनं दाखवायला लागले, तशी ती उठून माळ्याकडे गेली. खालून तिनं काठीनं एक बोचकं ओढलं. त्यात जुनी मापं होती, एकात एक बसवलेली: शेर, मापटं, चिपटं, कोळवं. कणगीतला भात ती यांनीच काढायची. दिवाळीला शेर, शिमग्याला मापटं आणि आषाढात कुणाला न दिसेल असं चिपट्यावर यायची. कणगी कधी एकदम रिती झाली नाही, कारण तिचं तोंड आईच्या हातात होतं.

तिनं चिपटं बाजूला ठेवलं. कोळवं उचललं, शेराचा आठवा हिस्सा. ते पाण्यानं भरून माझ्या स्टीलच्या पेल्यात ओतलं, पेला डोळ्यांसमोर धरून बघितला. मग चिंच लावून ते घासलं, पदरानं पुसलं आणि माझ्या दवाखान्याच्या पिशवीत, फायलीच्या वर ठेवलं.

"पालथं टाकू नको," एवढंच म्हणाली.