खुसपट की आक्षेप?

मयूर विहार, दिल्ली

प्रिय सानिका,


सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला भारदस्त, दुर्मीळ इंग्रजी शोभून दिसते, असं तू लिहिलंस. मला ते पटत नाही. का, ते एकाच शब्दावरून सांगतो. अब्रुनुकसानीला गुन्हा ठरवणारी तेव्हाच्या भारतीय दंड संहितेची ४९९ आणि ५०० ही कलमं घटनेला धरून आहेत का, हा प्रश्न घेऊन सुब्रमण्यम स्वामी, राहुल गांधी, अरविंद केजरीवाल अशी एरवी एका बाकावर न बसणारी माणसं न्यायालयात गेली होती. १३ मे २०१६ रोजी न्या. दीपक मिश्रा आणि न्या. प्रफुल्ल पंत यांच्या पीठाने कलमं वैध ठरवली. निकालाचं पहिलंच वाक्य लांबलचक आहे. या याचिकांतून ‘कॅव्हिल’ त्याच्या मूळ स्वरूपात प्रकट होतं, अशी त्याची सुरुवात आहे, आणि पुढे अभिव्यक्तिस्वातंत्र्य व त्यावरचे निर्बंध यांच्यातला विसंवाद मांडला आहे.

संदर्भावरून न्यायमूर्तींना ‘वाद’ किंवा ‘आक्षेप’ म्हणायचं असावं. पण कॅव्हिल म्हणजे साधा आक्षेप नव्हे. लॅटिनमध्ये या शब्दाचं मूळ थट्टा करणं, शब्दच्छल करणं या अर्थाकडे जातं, आणि इंग्रजीत तो क्षुल्लक गोष्टीवरून, केवळ दोष काढायचा म्हणून काढलेल्या हरकतीसाठी वापरतात. आपल्याकडे त्याला खुसपट म्हणतात. म्हणजे शब्दाचा अर्थ जसाच्या तसा घेतला, तर बोलण्याबद्दल नागरिकाला तुरुंगात धाडावं का, हा प्रश्न निकालाच्या पहिल्याच ओळीत खुसपट ठरतो. हे न्यायालयाचं मत नव्हतं. असतं, तर त्यावर इतकं विस्तृत निकालपत्र लिहिलं गेलं नसतं. शब्दाने न्यायालयाच्या तोंडी असं काही घातलं, जे त्याला म्हणायचंच नव्हतं. सोपा शब्द असता तर ही चूक वाचणाऱ्याच्या लगेच डोळ्यांवर आली असती. दुर्मीळ शब्दाच्या आड ती सहज लपते.

यावर तू म्हणशील, भाषा बदलते. भारतीय इंग्रजीत कॅव्हिलचा अर्थ आक्षेप असा झाला असेल तर बिघडलं कुठे? तसं झालेलं दिसत नाही. आपल्याच न्यायालयांच्या निकालांत ‘बियाँड कॅव्हिल’ हा प्रयोग नेहमी येतो: मुद्दा इतका पक्का की खुसपट काढणाऱ्यालाही जागा उरत नाही. तिथे हा शब्द चपखल बसतो, कारण त्याचा क्षुद्रपणाच कामाला येतो. एकच शब्द एका निकालात क्षुद्र हरकत आणि दुसऱ्यात गंभीर घटनात्मक वाद असं सांगू लागला, तर वाचणाऱ्याने धरावं काय? आणि घटनेच्या १४१ व्या अनुच्छेदानुसार सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशभरच्या न्यायालयांवर बंधनकारक असतो. तो त्यांच्यापर्यंत शब्दांतूनच पोचतो, तेव्हा ‘निष्कर्ष तर समजला ना’ एवढ्यावर भागत नाही.

सगळे अवघड शब्द हद्दपार करा, असं मात्र मी म्हणत नाही. ‘प्रोरोग’ घे. रोजच्या बोलण्यात तो कुणी वापरत नाही, पण ८५ व्या अनुच्छेदात त्याला पर्याय नाही. सभागृह तहकूब करतो पीठासीन अधिकारी, आणि तहकुबीत सत्र चालूच राहतं. प्रोरोग म्हणजे सत्रसमाप्ती, ती राष्ट्रपती करतात. हा फरक कागदी नाही. दोन्ही सभागृहांचं सत्र चालू असताना वटहुकूम काढता येत नाही. म्हणून मार्च २०१५ मध्ये, अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत, राज्यसभेची सत्रसमाप्ती केली गेली आणि एप्रिलच्या सुरुवातीला भूसंपादनाचा वटहुकूम पुन्हा निघाला. इथे ‘तहकूब’ लिहून चाललं नसतं. जो शब्द काढला की अर्थच निसटतो, तो कितीही अवघड असो, राहू दे.

निकालांची भाषा हा केवळ रसिकांचा विषय नाही, हे पुढे सर्वोच्च न्यायालयानेच दाखवलं. एका बँक कर्मचाऱ्याच्या प्रकरणात हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचा निकाल कळतच नाही म्हणून त्यांनी तो फेरविचारासाठी परत पाठवला, आणि १६ ऑगस्ट २०२२ च्या त्या निकालात न्या. चंद्रचूड आणि न्या. बोपण्णा यांनी निकालपत्र सुबोध कसं लिहावं याची नीट चर्चा केली. दाद मागायला आलेल्या माणसाला आपण का जिंकलो किंवा हरलो ते समजलं पाहिजे, ही त्यामागची भूमिका मला मोलाची वाटते.

आता निकालांचे मराठी अनुवादही होऊ लागले आहेत. २०१६ च्या त्या पहिल्या वाक्यापाशी येणाऱ्या अनुवादकाचा विचार कर. ‘खुसपट’ लिहिलं तर शब्दाशी इमान राहतं, पण याचिकाकर्त्यांवर अन्याय होतो. ‘आक्षेप’ लिहिलं तर हेतू साधतो, पण मग तो अनुवाद उरत नाही, दुरुस्ती होते. मी ‘आक्षेप’ लिहिला असता. तू काय लिहिशील, ते कळव.

तुझा,
काका