रेघ जुळते तिथे

टूलरूममध्ये कुणी ‘व्हर्नियर दे रे’ म्हणून हात पुढे करतो, तेव्हा आपण एका माणसाचं नाव घेतोय हे सहसा त्याच्या ध्यानीमनी नसतं. पिएर व्हर्निए हा ओर्नां गावचा. ते गाव आज फ्रान्समध्ये आहे. त्याच्या काळी तिथे स्पेनच्या राजाची सत्ता होती. १६३१ साली ब्रुसेल्समध्ये छापलेल्या पुस्तकात त्याने कोन मोजायच्या यंत्रावर मुख्य मापाशेजारी सरकणारी दुसरी छोटी पट्टी बसवायची युक्ती मांडली. इंग्रजीने त्याचं आडनाव उचललं आणि तेच आमच्या कारखान्यांत रुळलं.

जर्मन कारागीर मात्र या पट्टीला ‘नोनियस’ म्हणतात. पोर्तुगीज गणिती पेद्रो नुनेस याच्या नावाचं ते लॅटिन रूप. नुनेसने १५४२ साली वेगळी वाट सुचवली होती. पाव वर्तुळाच्या यंत्रावर ९० भागांची कमान, तिच्या आत आणखी ४४ कमानी. पहिलीचे ८९ भाग, पुढचीचे ८८, असं करत ४६ पर्यंत. मोजायची रेघ यांपैकी कुठल्या ना कुठल्या खुणेवर पडणारच, हा हिशेब. नुनेसचं नातं आपल्या किनाऱ्याशीही आहे. त्याचं सावलीवर चालणारं उपकरण पोर्तुगीज दर्यावर्दी जोआंव द कास्त्रोने १५३८ च्या लिस्बन ते गोवा सफरीत भर समुद्रात वापरून पाहिलं होतं. हाच कास्त्रो पुढे गोव्याचा व्हाइसरॉय झाला.

कमानींची कल्पना कागदावर अचूक होती, पण कारागिराच्या हातात ती अडली. कमानीचे बरोबर ८९ किंवा ८३ भाग पाडून बघा म्हणजे कळेल. खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेनेही ती पद्धत वापरून पाहिली आणि सोडून दिली. व्हर्निएचं मोठेपण इथे आहे. आखायला अवघड अशा पंचेचाळीस कमानींच्या जागी त्याने एकच सरकती पट्टी आणली.

नवीन पोरांना मी हे पट्टी हातात देऊन दाखवतो. मुख्य पट्टीवरच्या ४९ मिलिमीटरचे सरकत्या पट्टीवर ५० भाग केलेले असतात. म्हणजे एक भाग ०.९८ मिलिमीटरचा. दोन पट्ट्यांच्या एकेका घरातला फरक ०.०२, आणि तोच आपला लीस्ट काउंट. पण ०.०२ मिलिमीटर अंतरावर कोरलेल्या दोन रेघा त्या पट्टीवर कुठेच नाहीत! सगळ्या रेघा साध्या डोळ्यांना दिसतील अशा ठसठशीत. बारकावा आहे तो दोन ढोबळ मापांमधल्या फरकात.

तो फरक वाचायचं, म्हणजे दोन पट्ट्यांवरच्या कुठल्या रेघा जुळल्या ते ओळखायचं काम डोळ्याचं. जवळजवळच्या दोन रेघा वेगळ्या दिसायला त्यांच्यात साधारण एका कलेचं, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचं अंतर लागतं. पण एकासमोर एक आलेल्या दोन रेघा सरळ जुळल्यात की किंचित सरकल्यात, हे माणसाला त्याच्या कितीतरी पट बारकाईने, काही विकलांपर्यंत (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) कळतं. नेत्रविज्ञानात या क्षमतेलाही व्हर्निएचंच नाव दिलेलं आहे. माणसाचा डोळा ज्यात सर्वांत तरबेज, नेमकं तेच काम या अवजाराने त्याच्याकडे सोपवलं.

उरलेलं काम हाताचं. व्हर्नियरमध्ये माप जबड्यांत घ्यायचं आणि वाचायचं पट्टीवर. दोन्ही एका रेषेत नसतात. अंगठ्याने जास्त दाबलं की सरकता जबडा तिरका होतो आणि माप चुकतं. म्हणून जॉब शक्यतो जबड्याच्या मुळाशी धरायचा. लेथवरून उतरलेला जॉब निवू द्यायचा. तो व्हर्नियरपेक्षा ३० अंश सेल्सियसने गरम असेल, तर १०० मिलिमीटर पोलाद जवळपास ०.०३५ मिलिमीटर जास्त भरतं. म्हणजे लीस्ट काउंटच्या पावणेदोन पट! ड्रॉइंगवर टॉलरन्स ०.०५ चा असताना एवढ्यावर जॉब पास होतो किंवा भंगारात जातो.

आता डिजिटल कॅलिपर स्वस्त झालेत. तेही चांगलं अवजार आहे आणि मी ते रोज वापरतो. पण पडद्यावर ०.०१ पर्यंतचा आकडा दिसला म्हणून माप तेवढं खरं ठरत नाही. चांगल्या कॅलिपरचीही चूक साधारण ०.०२ पर्यंत असू शकते. तयार आकडा समोर आला की शिकाऊ मुलगा तो लिहून मोकळा होतो. व्हर्नियर त्याला तसं सुटू देत नाही. कुठली रेघ जुळली, तिच्या डावी-उजवीकडच्या रेघा कशा सरकल्या आहेत, हे बघून त्याला स्वतः निर्णय घ्यावा लागतो. नेमकेपणा म्हणजे हा निर्णय, आणि तो घ्यायची सवय लहान वयातच लागते.

म्हणून आयटीआयमध्ये आणि कारखान्यांत शिकवणाऱ्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: अप्रेंटिसच्या हातात पहिल्यांदा साधा व्हर्नियर द्या. तो त्याला बिनचूक वाचता आला की मगच डिजिटल द्या.