मापाची वही

वाईत बुटिक चालेल का, हा प्रश्न मला वाईतल्या एकाही बाईने विचारला नाही. तो विचारला पुण्यातल्या नातेवाइकांनी. त्यांच्या हिशेबाने गावातल्या बायका लग्नाचा बस्ता लक्ष्मी रोडला बांधणार, रोजचं कापड आठवडे बाजारात घेणार आणि मी दुकानात माशा मारत बसणार. त्यातलं पहिलं खरंच होतं. बस्ता आजही पुण्याला, फार तर साताऱ्याला बांधला जातो. पण पुण्याहून आणलेल्या साडीवरचा ब्लाऊज एकदा घालून बघावा लागतो, उसवावा लागतो, पुन्हा घालून बघावा लागतो, आणि तेवढ्यासाठी कोणी नव्वद किलोमीटर जात नाही. माझा धंदा या उसवण्यावर उभा राहिला.

2013 च्या दसऱ्याला एका जुन्या वाड्याच्या ओसरीत दुकान मांडलं. शिलाईच्या दोन मशीन, एक ओव्हरलॉक, माहेरचं एक कपाट. पाटीवर माझं नाव आहे. त्या पाटीवर किती जणांची नावं यायला हवी होती, हे लिहायला बसलं की पाटी ओसरीपेक्षा लांब होते.

पहिलं नाव मास्तरांचं. ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांचं बाजारातलं दुकान बंद पडलं होतं. उभं आयुष्य त्यांनी शर्ट-पँटी आणि शाळेचे गणवेश शिवले. रेडिमेडने शर्ट नेले, गणवेश ठेकेदारांकडे गेले, आणि हातात एवढी कला असलेला माणूस घरी बसला. मी डिप्लोमा करून आलेली, कागदावर पॅटर्न काढणारी. मास्तर तो कागद बघायचे, मान डोलवायचे आणि बाजूला ठेवायचे. "ताई, हा कागद सरळ उभ्या राहिलेल्या बाईचा आहे. अशी बाई मी अजून पाहिली नाही."

गिऱ्हाईक पायरी चढून येतानाच ते बघून घेत. पिशवी कुठल्या खांद्यावर आहे, कुठला खांदा उतरलाय, पाठीला बाक आहे का. माप मी घ्यायची, आकडे मोठ्याने सांगायची आणि ते आतून "पाव इंच वाढव" म्हणायचे. फळ्यावर लिहिणाऱ्या शाळेतल्या बाईंचा उजवा मुंढा ते सैल ठेवत. खुरपायला जाणाऱ्या बाईच्या ब्लाऊजची पाठ अर्धा इंच लांब, वाकल्यावर वर चढू नये म्हणून. आणि बाजूच्या शिवणीत दोन बोटं माया सोडल्याशिवाय त्यांनी कधी कापडाला कात्री लावली नाही. रेडिमेडवाले तेवढीच माया वाचवून नफा काढतात. मास्तरांचं म्हणणं, बाईची बाळंतपणं होतात, साठी येते, ब्लाऊज मात्र तोच असतो. मी डिप्लोम्याला भरलेली फी आठवून मला अजून राग येतो.

खणाचं ऋण वाईबाहेरचं. ओटीत आपण खण-नारळ घालतो, पण तो खण बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला विणला जातो, हे दुकान काढेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. तिथे गेले तेव्हा हातमाग बघितला. मागावरचा खण अरुंद, जेमतेम पाऊण मीटर पन्ह्याचा, दोन्ही कडांना काठ. पन्हा एवढाच असल्यामुळे चोळी बेतताना काठ आपोआप बाहीच्या टोकाला येतो, वेगळी पट्टी लावावी लागत नाही. कापड विणणाऱ्याने चोळी डोळ्यांसमोर ठेवूनच ते विणलंय, हे हातात घेतल्यावर कळतं. माझ्याकडे तेव्हा एवढा माल उचलायला पैसे नव्हते. तिथल्या व्यापाऱ्याने गठ्ठा बांधून दिला आणि म्हणाला, "घेऊन जा अक्का, विकलं की पाठवा." ना ओळख, ना पाळख, ना चिठ्ठी. पुढे खणाच्या साड्यांची लाट आली, यंत्रमागावरचा पॉलिस्टरचा खण गल्लोगल्ली स्वस्तात मिळायला लागला, आणि बायका मला विचारू लागल्या, तुमचाच एवढा महाग का? मी मागावरचा आणि यंत्रावरचा असे दोन्ही तुकडे त्यांच्या हातात देते. पुष्कळ जणी स्वस्तातलाच घेतात, त्यांचंही बरोबर आहे. पण घाटांवर आळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला की देवीच्या ओटीसाठी त्याच बायका मागावरचा खण मागायला येतात. स्वतःला पॉलिस्टर आणि देवीला हातमाग! यावर मी काही बोलत नाही, कारण गुळेदगुड्डचे पैसे त्या दिवसांत सगळ्यात लवकर फिटतात.

वाईत राहायचं म्हणजे शूटिंगवाले आलेच. 'स्वदेस'मधला घाट मेणवलीचा, हे इथली पोरंटोरं पाहुण्यांना स्वतःचं घर दाखवल्यासारखं दाखवतात. असंच एक युनिट एकदा माझ्या दारात आलं. गर्दीतल्या बायकांसाठी ब्लाऊज हवे होते, दोन दिवसांत, आणि ते जुने दिसायला हवे होते. नवं कापड विटवून मागणारं गिऱ्हाईक मास्तरांनी जन्मात पाहिलं नव्हतं. ते कात्री ठेवून चहाला निघून गेले. तेव्हा आळीतल्या बायकांनी माझी अब्रू राखली. घरोघरचे, धुऊन धुऊन विरलेले सुती ब्लाऊज गोळा करून त्यांनी माझ्या टेबलावर ढीग लावला. ठरलं असं की जितके जुने दिले तितके नवे शिवून मिळणार. युनिटने पैसे चुकते केले, बायकांना नवे ब्लाऊज मिळाले. त्यातल्या काही जणी पुढे थिएटरात जाऊन पडद्यावर नायिकेऐवजी आपापला ब्लाऊज शोधत बसल्या.

माझ्याकडची मापाची वही पुढून मापांची आणि मागून उधारीची. छाती, कंबर, मुंढा, बाही, गळा पुढचा, गळा मागचा, आणि शेवटच्या पानांवरून उलटीकडे कोणाकडे किती येणं. गावात उधारी मागायची नसते. सणाला, पगाराला, ऊस गेला की पैसे येतात, आणि तोवर समोरासमोर भेट झाली तरी दोघींनी हवापाण्याचंच बोलायचं असतं. 2020 चा गुढीपाडवा 25 मार्चला होता आणि त्याच दिवशी सगळं बंद झालं. अक्षयतृतीयेच्या लग्नांचे ब्लाऊज शिवून, हुक लावून, इस्त्री करून दांडीला टांगलेले. लग्नंच पुढे गेली, न्यायला कोण येणार? मास्तरांचा पगार, हात-शिलाईच्या मुलीचे पैसे, भाडं, सगळं उभं. मी कोणाला फोन केला नाही. तरी पैसे येऊ लागले. कोणी मोबाइलवरून पाठवले, कोणी दूधवाल्याच्या हाती चिठ्ठीत गुंडाळून. एकीने तर पुढच्या दिवाळीच्या शिलाईचे आगाऊ दिले. तिच्या नवऱ्याचं काम तेव्हा सुटलेलं होतं, हे मला मागाहून कळलं. वाड्याच्या मालकीणबाईंनी भाडं घेतलं नाही असं नाही. त्यांनी ते कातरणाच्या रूपात घेतलं. दुकानातल्या सगळ्या चिंध्या त्यांनी वर नेल्या आणि त्यांच्या गोधड्या शिवल्या. वर मलाच ऐकवलं, "तुझ्या अस्तराचा रंग जातो गं. व्यापारी बदल."

हे सगळं फेडता येण्यासारखं तरी आहे. शिवून, थांबून, पैसे न मागून थोडंथोडं फिटतं. एका बाईंचं मात्र कसं फेडायचं ते मला सुचलेलं नाही.

दुकान बंद करायच्या वेळेला त्या आल्या होत्या. डोक्यावरून पदर, एक हात पदरावर घट्ट. "एका बाजूने साडी सरकते. सारखी धरून ठेवावी लागते," एवढंच म्हणाल्या. आजाराचं नाव त्यांनी घेतलं नाही, आम्हीही नाही. मास्तर उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. माप मी आतल्या खोलीत घेतलं. ऑपरेशन डावीकडचं होतं. व्रण काखेपर्यंत गेलेला, शिवण नेमकी तिथे घासणार. मी बाहीचं माप घ्यायला टेप गुंडाळला तर त्या म्हणाल्या, "आत्ता घेताय ते बरं. सकाळी घेतलं असतं तर बाही काचली असती. संध्याकाळी हात सुजतो माझा." हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं असतं?

मास्तरांनी डावीकडच्या अस्तराला आतून एक खिसा काढला, तोंड काखेच्या बाजूला. गळा वर घेतला, काखेतली शिवण पुढे सरकवली, बाही ढिली ठेवली. खिशात आम्ही कापूस भरून दिला. आठ दिवसांनी त्या ब्लाऊज घेऊन परत आल्या. कापूस हलका, चालताना तो बाजू वर चढवत होता. "वजन हवं," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून त्यांनी एक लहानशी पुरचुंडी काढली. तान्ह्या बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून आपण मोहरीची उशी करतो ना, त्यातली मोहरी होती ती. नातवाची उशी उसवून आणलेली. मऊ सुती कापडाच्या पिशवीत मोहरी आणि कापूस असं मिसळून आम्ही ते पुन्हा बसवलं. धुवायच्या वेळी काढून ठेवता येतं आणि चालताना जागचं हलत नाही. त्या दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून आल्या, दोन्ही हात मोकळे सोडून.

तेव्हापासून कधी साताऱ्याहून, कधी कराडकडून अशा बायका येतात. पाटीवर तसं काही लिहिलेलं नाही. दारात येऊन म्हणतात, "त्या बाईंनी पाठवलंय," आणि मी ओळखते. बहुतेक जणी संध्याकाळी येतात, तेही त्यांना तिथूनच सांगितलेलं असतं. त्यांच्यापैकी प्रत्येकीला जे शिवून देते ते मला त्या बाईंनी शिकवलेलं आहे, आणि त्या स्वतः मात्र दर वेळी शिलाई पूर्ण मोजून देतात. पन्नास रुपये कमी घेतले तर काउंटरवर तसेच ठेवून जातात.

खिशाचे पैसे मी कोणाकडूनच घेत नाही. गेल्या मार्चमध्ये हिशेब तपासणारा मुलगा बिलबुकं चाळता चाळता अडला. "मॅडम, प्रत्येक चार-सहा बिलांमागे एक शून्य रुपयांची ओळ आहे. ही कशात धरू?"

म्हटलं, अस्तरात धर.