बोअर किती खोल मारायची?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण पाण्याबद्दल आहे आणि माझ्या एका चुकीबद्दल आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आमच्या पडवीत दाराला टेकण म्हणून एक लोखंडी धूड पडलेलं असतं. तीन दातेरी शंकू, टोकं एकमेकांत घुसवलेली. घरातली पोरं त्याला राक्षसाची दाढ म्हणतात. माझे काका समुद्रातल्या तेलाच्या रिगवर कामाला होते. झिजून निकामी झालेलं ते ड्रिल बिट त्यांनी आठवण म्हणून आणलं. एकट्या माणसाला उचलत नाही.

लहानपणी काकांनी ते कसं चालतं ते समजावलं होतं. वरून पाइप फिरतो, त्याबरोबर बिट फिरतं, आणि तिन्ही शंकू आपापल्या आसावर वेगळे फिरतात. त्यामुळे दाते दगड खरवडत नाहीत, वरच्या वजनाने दाबून चुरतात. पाइपातून सोडलेला पातळ चिखल बिटाच्या भोकांतून जोरात बाहेर पडतो आणि चुरा वर घेऊन येतो. मऊ थराला लांब दात, कठीण दगडाला टंगस्टन कार्बाइडची आखूड बटणं.

अमेरिकेत हॉवर्ड ह्यूजेस नावाच्या माणसाने १९०९ मध्ये दोन शंकूंच्या बिटाचं पेटंट घेतलं. त्याआधी माशाच्या शेपटीसारखी पाती वापरायचे, ती कातळावर बोथट व्हायची. तीन शंकूंचं बिट १९३३ मधलं. आपल्याकडे फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने मुंबई हायला तेल शोधलं, आणि त्या भागातलं तेल-वायू आपल्या समोरच, करंजाच्या डोंगरापलीकडे, उरणला किनाऱ्यावर येऊ लागलं. काका म्हणायचे, "दगड कितीही कठीण असू दे, फुटतोच."

ते वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं. तिथेच घोळ झाला.

काही वर्षांपूर्वी आम्ही घरामागे बोअर मारली. पाणाड्याने नारळ फिरवून जागा दाखवली. गाडी आली ती तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची. देशभर फिरणाऱ्या बोअरच्या गाड्यांचं ते गावच आहे. मी मुद्दाम बिट बघायला गेलो, तर त्याला शंकू नव्हते. चपटं तोंड, त्यावर कार्बाइडची बटणं, आणि मागे हवेच्या दाबावर ठोकणारा हॅमर. आपल्या काळ्या दगडात पाण्याच्या बोअरला हेच लवकर काम करतं. चिखलाऐवजी कॉम्प्रेसरची हवा चुरा वर फेकते. अख्ख्या आळीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर राखाडी धूळ.

१३० फुटांवर पाणी लागलं. बारीक धार, पण गोड. ऑपरेटरने विचारलं, "साब, बस करू?" मी म्हटलं, "अजून जाऊ दे." बायको म्हणाली, पुरे आहे की आपल्याला. मी ऐकलं नाही. २३० फुटांवर मोठी भेग लागली आणि पाण्याचा फवारा उडाला. आम्ही पेढे वाटले.

दोन उन्हाळे मजेत गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात मिरचीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. साबणाला फेस येईना. मग एक दिवस शेजारच्या काकी कळशी घेऊन आल्या. त्यांची विहीर त्यांच्या आजेसासऱ्यांनी खोदलेली, अख्खी आळी तिचं पाणी प्यायची. म्हणाल्या, "पानी मचूळ लागतंय रं. तुझ्या बोअरचा बघू जरा." मी नळ सोडला. त्यांनी एक घोट घेतला आणि काही न बोलता कळशी रिकामीच घेऊन गेल्या.

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नंतर वाचून, जाणकारांना विचारून जे कळलं ते साधं आहे. किनाऱ्याजवळ जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, कारण खारं पाणी जड. घायबेन आणि हर्झबर्ग या दोघांनी मांडलेला हिशोब असा: समुद्रसपाटीच्या वर १ फूट गोडं पाणी असेल, तर खाली सुमारे ४० फूट गोडं पाणी असतं. म्हणजे उपसून वरचं १ फूट उतरवलं, की खालून खारं ४० फूट वर सरकायला बघतं. आपल्या कातळात भेगांप्रमाणे हे कमीजास्त होतं. पण वरची गोडी भेग आणि खालची खारी भेग एकाच उघड्या भोकाने जोडली, तर दोन्ही पाणी एक होतं. आणि ते भोक मी पैसे मोजून पाडलं होतं.

काकींची विहीर माझ्याच बोअरमुळे बिघडली का? छातीठोक सांगता येत नाही. कारण आधीचं मोजमाप कुणाकडेच नाही. विहिरीची पातळी किती होती, क्षार किती होते, गावात बोअर किती, कुठे, किती खोल, कुठेच नोंद नाही.

म्हणून ही पोस्ट. अंतुले साहेबांच्या काळापासून ऐकत आलेला रेवस-करंजा पूल आता होणार. पुलाबरोबर बंगले येतील, बंगल्याबरोबर बोअर येईल. पाहुण्यांना काय दोष द्यायचा, आपणच आधी मारून बसलोय. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या, म्हणजे साधारण १९७ फुटांच्या पुढची विहीर 'खोल विहीर' धरली आहे. बोअरच्या गाड्यांनी नोंदणी करायची, असंही त्यात आहे. माझी बोअर मारताना हे मला ठाऊक नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

पुढच्या ग्रामसभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे. एक, गावातल्या प्रत्येक विहिरीची आणि बोअरची वही. पावसाआधी आणि पावसानंतर पातळी आणि टीडीएस लिहायचा. मीटर काही शे रुपयांत मिळतो, पहिला मी देतो. दोन, नवी बोअर मारण्याआधी आजूबाजूच्या विहीरवाल्यांना विचारायचं, आणि गोडं पाणी लागलं की थांबायचं. तीन, जुन्या विहिरी आणि तळ्यांचा गाळ काढायचा, छपराचं पाणी साठवायचं. आपल्याकडे वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. १००० चौरस फुटांच्या छपरावर, वाया जाणारं सोडलं तरी, दीड लाख लिटर पाणी येतं. ते आपण खाडीला देतो आणि २३० फुटांवरून खारं वर ओढतो.

माझ्या बोअरचा पंप मी काढलाय. तोंड कसं बुजवायचं ते विचारून घेतोय. काकींच्या विहिरीत आमच्या छपराचं पाणी गाळून सोडायचं ठरलंय. फरक पडला तर आकड्यांसकट इथेच लिहीन. नाही पडला तरी लिहीन.

तुमच्या बोअरची खोली आणि पाण्याची चव खाली कमेंटमध्ये लिहा. खारं असेल तर लाजू नका. मी लिहिलंय ना.